एक खूण म्हणजे पुरावा नव्हे

बेळगावच्या उत्तरेला कडोली आहे. सीमाभागातल्या वाचकाला हे गाव तिथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे ठाऊक असतं. या गावात किंवा पंचक्रोशीतल्या एखाद्या जुन्या घरात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटाकडे नजर टाका. नव्या नोटा असतात, सोनं असतं आणि मधोमध हळदीकुंकवाने माखलेला एक जड, काळपट रुपया असतो. कुणाकडे राणीछाप, कुणाकडे राजाछाप. नाण्यांचा नाद बहुतेकांना या पाटावरूनच लागतो. आजीचा बंदा रुपया हातात घेऊन बघितला की दुसरा बघावासा वाटतो. दुसरा घरात नसतो म्हणून माणूस विकत घ्यायला निघतो, आणि खोट्या नाण्याची गाठ तिथे पडते.

माझी पडली ती एका जत्रेत. चंचीतून नाणी काढत एक जण म्हणाला, "सायेब, नांगरताना घावल्याती. घरात ठेवू नये म्हणत्यात, म्हणून इकतोय." मी पाच नाणी घेतली: मारुती कोरलेला तांब्याचा जाड 'एक आणा', १८४० चा राणीछाप रुपया, १९३९ चा राजाछाप, १९४७ चा वाघाचा रुपया आणि एक शिवराई. घरी आल्यावर एकेक तपासत गेलो. त्या पाच नाण्यांनी जे शिकवलं ते त्याच क्रमाने सांगतो.

नाणं पारखणं हा आपल्याकडे एकेकाळी हुद्दा होता. भरण्यात आलेली नाणी तपासणारा तो पोतदार. आज ते आडनाव उरलं आहे. झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर सराफ बट्टा कापत असे, आणि तोच बट्टा आपण अजून नावाला लावतो. नाणं खणखणीत आहे, वाजवून घेतलं आहे, कसाला उतरलं आहे, असं आपण माणसांबद्दलही बोलतो. याचा अर्थ खोट्या नाण्याची भीती जुनीच आहे. धारवाडकडच्या खासगी टांकसाळींतून हिणकस नाणी पडू लागली तेव्हा पेशव्यांनी १७६० मध्ये त्या बंद करून सरकारी टांकसाळ घालण्याचा हुकूम काढला होता.

खोटं चार तऱ्हांचं

सगळी खोटी नाणी एका जातीची नसतात, आणि जात कळली की कुठे बघायचं ते कळतं. पहिली तऱ्हा त्या काळच्या बाजाराला फसवण्यासाठी केलेल्या नाण्यांची. चांदीच्या रुपयाच्या जागी जस्त-शिसं किंवा तांब्यावर मुलामा. ही आज शंभर-दीडशे वर्षांची झाली आहेत, त्यामुळे नाणं जुनं दिसतं म्हणून ते खरं, असं होत नाही. दुसरी तऱ्हा संग्राहकासाठी आज बनवलेल्या नकलांची. तिसरी फेरफाराची: नाणं अस्सल असतं, पण त्यावरचं साल किंवा टांकसाळीची खूण बदललेली असते. चौथी निव्वळ कल्पनेची: असं नाणं कधी कुठल्या सरकारने पाडलंच नव्हतं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पुतळ्यांची माळ आठवा. पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती असतो. व्यापारातून ते इथे आलं, सोनं चोख म्हणून बायकांच्या गळ्यात गेलं, आणि मग आपले सोनार तशाच पुतळ्या घडवू लागले. नक्कल करताना लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. ती दागिन्याची नक्कल आहे, फसवणूक नव्हे. मात्र तीच पुतळी 'व्हेनिसचं अस्सल नाणं' म्हणून विकायला काढली की फसवणूक होते. नाणं तेच राहतं, सोबतचं बोलणं खोटं असतं.

सामान थोडं लागतं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला कॅलिपर, एक चुंबक, एका बाजूने प्रकाश टाकणारा दिवा आणि खाली अंथरायला मऊ कापड. एवढ्यावर घरातल्या टेबलावर बरंच काम होतं. नाणं कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही.

पायरी पहिली: साल आणि मजकूर

भिंगाच्याही आधी नाणं वाचावं. त्यावरचा प्रत्येक शब्द त्यावरच्या सालाशी जुळायला हवा.

मारुतीचा 'एक आणा' इथेच पडला. त्यावर इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव होतं आणि साल १८१८. कंपनी १६०० मध्ये स्थापन झाली, १८१८ मध्ये तर तिने पेशवाई बुडवली, त्यामुळे साल ऐकायला भारदस्त वाटतं. पण ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं चलनात आलं ते १९०७ मध्ये, आणि ते तांबं-निकेलचं, नागमोडी कडेचं होतं. त्याआधी तांब्यात अर्धा आणा होता, पाव आणा होता, पै होती. १८१८ चा तांब्याचा एक आणा, त्यावर मारुती, असं नाणं कंपनीने पाडलेलं नाही. इथे एक पथ्य पाळावं. 'कंपनीच्या नाण्यावर देव नसतोच' असा नियम करू नये, कारण मद्रासकडच्या कंपनीच्या सोन्याच्या पॅगोड्यावर विष्णूची मूर्ती असे. नाणं देवामुळे खोटं ठरलं नाही. साल, किंमत, धातू आणि चित्र यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता, म्हणून ठरलं.

देवळांतून मिळणारा रामदरबाराचा टाक म्हणजे रामटंका, ही वेगळी गोष्ट. ती पूजेची वस्तू आहे आणि काही खरोखरच जुन्या आहेत, पण त्या कधीच चलन नव्हत्या. याच मारुतीछाप तांब्याला कुणी 'तांदूळ ओढणारं नाणं', 'राईस पुलर' म्हणून लाखांचा भाव सांगत असेल तर तिथून उठावं. तांबं तांदूळ ओढत नाही.

राणीछाप रुपयांचंही असंच वाचन करता येतं. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, त्यावर चौथा विल्यम होता. १८४० पासून व्हिक्टोरिया आली, आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी'. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं, म्हणून १८६२ च्या रुपयावर मागे 'इंडिया' आहे, कंपनी नाही. राणी १८७७ मध्ये सम्राज्ञी झाली, त्यामुळे तोवर 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि त्या सालापासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. १८६२ च्या नाण्यावर एम्प्रेस दिसलं की पुढे तपासायची गरज नाही. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयात राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. म्हणून १९११ साल आणि लांब सोंड हे एकत्र येत नाहीत.

माझ्या उरलेल्या चार नाण्यांनी ही पायरी ओलांडली.

पायरी दुसरी: वजन आणि व्यास

जुना रुपया म्हणजे एक तोळा. हे नुसतं बोलणं नव्हे. १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि रुपयाचं वजन तेच होतं. असे ऐंशी तोळे म्हणजे एक शेर. पूर्वी घरात वजनं नसली की रुपयेच पारड्यात टाकत. अधेली याच्या निम्मी, ५.८३ ग्रॅम. पावली २.९२ आणि दोन आणे १.४६ ग्रॅम. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास.

वापरून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.३ भरला तरी घाबरू नये, पण झीज डोळ्यांना दिसली पाहिजे. राणीच्या केसांची रेघ न् रेघ शाबूत आणि वजन मात्र कमी, हे चालत नाही. माझा १८४० चा राणीछाप भरला ९.८ ग्रॅम. व्यास बरोबर, जाडीही बरोबर, आणि वजनात जवळजवळ दोन ग्रॅमची खोट. यावरूनच धातूचा अंदाज येतो, तो पुढे सांगतो. १९३९ चा राजाछाप ११.६२ भरला. वाघाचा रुपयाही साडेअकराच्या वर. शिवराईला असा एक आकडा नाही, तिचा विचार शेवटी.

पायरी तिसरी: कड

नवशिका दोन बाजू बघतो, पोतदार तिसरी बघायचा. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र. त्याची दातेरी कड सगळीकडे सारखी, उभी आणि नीट अंतराची असते. ओतीव नकलेत दोन साचे जिथे जुळतात तिथे कडेवर बारीक शिवण राहते. ती कानशीने घासली तर तेवढ्या भागातले दाते पुसट होतात. नाणं दिव्यासमोर हळूहळू फिरवलं की हे दिसतं. माझ्या राणीछापाच्या कडेवर एका जागी दाते गायब होते.

१९४० पासून चांदी कमी केली तेव्हा नकला रोखण्यासाठी रुपयाच्या दातेरी कडेच्या मधोमध खोबण घातली गेली. १९४७ च्या रुपयालाही तशी कड आहे. म्हणजे कडसुद्धा सालाशी जुळवून बघता येते.

गळ्यात घातलेल्या रुपयांची कड वेगळ्या कारणाने बिघडते. रुपयांचा हार करताना वर कडी डाखलेली असते. पुढे ती काढून जागा घासली जाते. असं नाणं खरंच असतं, पण त्याची किंमत उतरते. बारा वाजण्याच्या जागी कडेवर डाग किंवा सपाटी दिसली तर विचारून घ्यावं.

पायरी चौथी: पृष्ठभाग

खरं नाणं ठशांमध्ये दाबून पाडलेलं असतं. दाबाखाली धातू मधून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेघा राहतात. म्हणून न झिजलेलं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गरगरते. अक्षरांच्या कडा जमिनीपासून ताठ उठलेल्या असतात. ओतीव नाण्यात धातू नुसता साच्यात भरतो आणि थंड होताना आकसतो. अक्षरं साबणाच्या वडीवर उमटवल्यासारखी गोलसर, जमिनीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कुठे बुडबुड्याचा उंचवटा. असा उंचवटा खऱ्या नाण्यावर अक्षराच्या खाचेत सापडायला फारसं कारण नसतं.

सर्वांत पक्का पुरावा जुळ्यांचा. एका ठशातून हजारो नाणी पडतात, त्यामुळे अक्षरं सारखी असणं स्वाभाविक आहे. पण वापरातून पडलेला ओरखडा, कडेचा पोचा, सराफाने टोचलेली खूण या गोष्टी एकेका नाण्याच्या स्वतःच्या असतात. दोन नाण्यांवर तोच पोचा त्याच जागी दिसला तर दोन्ही एका तिसऱ्या नाण्याची पोरं आहेत. म्हणून विकणाऱ्याकडे तसलीच आणखी नाणी असतील तर ती मागून शेजारी ठेवावीत.

रंगही बघावा. जुन्या तांब्याचा तपकिरी-हिरवट लेप धातूतूनच तयार होतो. रसायनाने किंवा रंगाने चढवलेला लेप कापसावर थोडा अ‍ॅसिटोन घेऊन फिरवला की बऱ्याचदा निघून येतो. अस्सल लेपाला अ‍ॅसिटोनने काही होत नाही. मात्र एवढ्यावर थांबावं. देव उजळायची पितांबरी, चिंच, रांगोळी, राख यांतलं काहीही नाण्याला लावू नये. खोटं सापडायचं राहील, आणि खऱ्याची किंमत आपल्याच हातांनी जाईल.

पायरी पाचवी: पाण्यातलं माप

ही पायरी शाळेत आर्किमिडीजच्या धड्यात शिकलेली असते, फक्त नाण्यावर कुणी करून बघत नाही.

काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. अंगाला चिकटलेले बुडबुडे झटका. आता काटा जो आकडा दाखवेल ते त्या नाण्याने बाजूला सारलेलं पाणी, म्हणजेच त्याचं आकारमान. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते.

चांदीची घनता १०.५, तांब्याची जवळजवळ ९. जुन्या रुपयात अकरा वाटे चांदी आणि एक वाटा हीण, म्हणजे ९१.७ टक्के चांदी. त्याची घनता १०.३ च्या आसपास येते. ११.६६ ग्रॅमचा रुपया बुडवला की काट्यावर सुमारे १.१३ दिसलं पाहिजे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त घातलं गेलं, तेव्हा घनता साडेनऊच्या घरात उतरली. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल, जस्त यांचं मिश्रण असतं आणि घनता पावणेनऊच्या आत राहते. म्हणून जर्मन सिल्व्हरचा रुपया खऱ्याएवढ्याच आकाराचा केला तर तो पावणेदहा-दहा ग्रॅमच भरतो. वजन बरोबर साधायचं तर तो जाड करावा लागतो. वजन आणि आकार, दोन्ही त्याला एकदम साधत नाहीत. माझ्या राणीछापाने सारलेलं पाणी १.१३ होतं. ९.८ ला १.१३ ने भागा, उत्तर ८.७ येतं. त्याचं तिथेच संपलं.

१९३९ चा राजाछाप १०.३ वर आला, अगदी चोख.

दोन इशारे देतो. छोट्या नाण्यावर ही रीत घरच्या काट्याने चालत नाही. तीन ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्याचं आकारमानच इतकं कमी असतं की काट्याच्या शेवटच्या अंकातली एका घराची चूक सगळं उत्तर बिघडवते. सराफाच्या दुकानातलं कॅरेट तपासायचं यंत्र यावर उपयोगी पडतं, पण तेही वरच्या थराचंच वाचन देतं. दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा: चांदी खरी म्हणजे नाणं खरं नव्हे. दुर्मिळ नाण्याची किंमत त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट असते, तेव्हा नक्कल करणाऱ्याला चांदी वापरणं परवडतं.

आवाज आणि चुंबक

बोटाच्या टोकावर तोललेल्या चांदीच्या रुपयाला दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली की आवाज लांबतो. शिशाचा किंवा ओतीव रुपया ठसकन बोलून गप्प होतो. पण खऱ्या नाण्याला आत बारीक चीर असेल तर तेही बद्द वाजतं. म्हणून आवाज हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. दगडावर आपटून तर मुळीच बघू नये.

चुंबकाचा प्रसंग मजेचा. पाच नाण्यांपैकी चुंबकाला चिकटलं ते एकच, १९४७ चा वाघाचा रुपया. मी तो लगेच खोट्यांत टाकला. 'चिकटतं ते लोखंड, लोखंड ते खोटं' असं कुठेतरी ऐकलेलं होतं. नंतर कळलं की त्या सालचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. तो न चिकटता तर संशय घ्यायला हवा होता. आजची पोलादी एक-दोन रुपयांची नाणीही चिकटतात. चांदी, तांबं, सोनं यांची नाणी चिकटू नयेत, इतकाच या परीक्षेचा अर्थ.

हाताने पाडलेली: शिवराई आणि होन

आतापर्यंतचे नियम यंत्रावरच्या नाण्यांचे झाले. शिवराई निहाईवर, हातोड्याच्या घावाने पडलेली. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान-मोठा, घाव मध्यावर बसेलच असं नाही. म्हणून एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' यांतली काही अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, कडेला फाटलेल्या चिरा असतात, वजन दहा ग्रॅमच्या मागेपुढे हिंदकळतं. या नाण्यांना मोठं आयुष्य मिळालं. महाराजांनंतरही शिवराया पडत राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होत्या. त्या काळात रेव्हरंड अ‍ॅबट यांनी हजारोंनी शिवराया गोळा करून त्यांचे प्रकार लावले. 'शिव'चं 'सीव', 'पति'चं 'पती' अशी रूपं त्यांत सर्रास आहेत. अशुद्धलेखन दिसलं म्हणून शिवराई खोटी ठरत नाही.

उलट सगळी अक्षरं मधोमध, ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण, कड गुळगुळीत आणि गोल अशी शिवराई दिसली की मी सावध होतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या स्मरणवस्तू अशाच सुबक असतात. माझी शिवराई वेडीवाकडी होती, 'छ' अर्धा बाहेर, एक चीर आत शिरलेली, चिरेच्या आतही तोच जुना लेप. ती अस्सल निघाली.

होनाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. 'होन' हा शब्दच आपल्या शेजारच्या कन्नडमधला, होन्नु म्हणजे सोनं. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला शिवरायांचा होन नखाएवढा, सुमारे २.८ ग्रॅमचा, आणि अत्यंत दुर्मिळ. त्याच्या प्रतिकृती आठवण म्हणून उघडपणे विकल्या जातात आणि त्यात वावगं काही नाही. पण तीच प्रतिकृती दोन हात पुढे गेली की 'पणजोबांच्या पेटीत मिळालेला' होन होते. होन कधीही जत्रेत, फोनवर किंवा फोटो बघून घेऊ नये. तो तज्ज्ञाच्या हाताखालून गेलाच पाहिजे.

अभ्यासाला साधनं आहेत. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेतून निघाला. खरी नाणी डोळ्याखालून घालायला तिथलं संग्रहालय, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या भागाची नाणी शोधायची असतील तर 'आझमनगर गोकाक' या टांकसाळीचं नाव असलेले, मुघल बादशहाच्या नावाने पाडलेले मराठा रुपये बघावेत.

उरला राजाछाप

आता १९३९. सहाव्या जॉर्जचा या सालचा रुपया फार कमी मिळतो. शेजारचा १९३८ चा मात्र सहज मिळतो. माझं नाणं वाचनात, वजनात, कडेत, घनतेत, आवाजात उत्तीर्ण झालं होतं. मी खूश होतो. मग फक्त सालावर भिंग धरलं. '१', '९', '३' यांच्या भोवतीची जमीन एकसारखी, आणि शेवटच्या '९' च्या पोटाखाली मात्र बारीक टोकाने खरवडल्याच्या रेघा. त्या अंकाची उंची बाकीच्यांपेक्षा कमी, शेपूट आखूड. कुणीतरी '८' चं खालचं वेटोळं एका बाजूने कोरून काढून '९' केला होता. १९४० च्या पुढच्या नाण्यावर हात चालवला असता तर घनतेने आणि कडेने चुगली केली असती. १९३८ वर चालवला म्हणून सगळ्या परीक्षा पार झाल्या. कारण नाणं अस्सलच होतं, खोटा होता तो एकच अंक.

उलटी चूक

अर्धवट खूण खोट्याला खरं ठरवते तशी खऱ्याला खोटंही ठरवते. आपल्या बाजारात कित्येक वर्षं दहाचं नाणं पुढे केलं की दुकानदार "चालत नाही" म्हणतो. कुणी सांगतं पंधरा रेषांचं खोटं, कुणी म्हणतं रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं. ते चिन्हच २०१० मध्ये ठरलं, मग त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ प्रकार निघाले आहेत आणि सगळे वैध आहेत. बनावट दहाची नाणी नसतात असं नाही. दिल्लीत २०१६ मध्ये पोलिसांनी असा कारखाना पकडला होता. पण ती ओळखायची ती रेषा मोजून नव्हे. मूळ दोन धातूंचं नाणं २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅमचं, आणि त्याची चकती कड्यात घट्ट बसलेली असते.

याच्या दुसऱ्या टोकाला वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे निरोप फिरतात. २०१२ चं ते स्मारक नाणं खरं आहे, पण मोठ्या संख्येने काढलेलं आहे. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आपलं नाव वापरून लोकांकडून पैसे उकळले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. बँक असा व्यवहार करत नाही.

घेताना

विकणाऱ्याची कहाणी नाणं तपासून झाल्यावर ऐकावी. 'नांगरताना सापडलं' ही कहाणी खरी असली तर दुसराच प्रश्न येतो: जमिनीत सापडलेलं गुप्तधन सरकारला कळवावं लागतं. पावती मागावी, तीत नाण्याचं साल आणि धातू लिहून घ्यावा, खोटं निघाल्यास परत घेण्याची अट घालावी. कचरणाऱ्याला नमस्कार करावा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि चलनातलं बनावट नाणं हाती आलं तर ते जाणूनबुजून पुढे खपवणं हा गुन्हा आहे.

सुरुवात करणाऱ्याला माझा एकच आग्रह आहे. पहिल्या वर्षी दुर्मिळ काही घेऊ नका. पाचव्या जॉर्जचे १९१७ ते १९२० चे साधे, झिजलेले रुपये खात्रीच्या सराफाकडून आठ-दहा घ्या. त्यांचं वजन, कड, आवाज, पाण्यातलं माप वहीत लिहा. ते इतके हाताळा की अंधारातही ओळखू यावेत. पोतदार खोट्या नाण्यांचा अभ्यास करून शिकला नव्हता. दिवसभर खरी नाणी हातातून जात, म्हणून खोटं हाताला टोचायचं.

माझ्या पाचांपैकी वाघाचा रुपया आणि शिवराई संग्रहात आहेत. मारुती आणि राणी एका डबीत, 'खोटं' अशी चिठ्ठी लावून, म्हणजे माझ्यानंतर कुणी फसायला नको. राजाछापाच्या पाकिटावर मी पेनने लिहिलं आहे: साल १९३८.